जाळीला लागलेले मासे

११ एप्रिल २०२४

चि. अमृत,

आशीर्वाद द्यायची पद्धत आहे, म्हणून दिले असं समज. व्हॉट्सॲपवर तू मला बंद केलंस, फोन उचलत नाहीस, तेव्हा हा कागदाचा मार्ग. तुझा नॉर्वेचा पत्ता दिवाळीच्या फराळाच्या पार्सलवरून उतरवून घेतला. तिकिटं आणायला गेले तेव्हा पोस्टातल्या बाईंनी विचारलं, "भावाला राखी का? एवढ्या लवकर?" मी म्हटलं, लांब राहतो, पोचायला वेळ लागतो.

घरी सगळं ठीक. आबांचा गुडघा तसाच. कांदा निघाला. माझी शाळा सुरू आहे, नववीच्या पोरांना अजूनही आम्ल आणि अल्कली यांतला फरक कळत नाही. तळं रिकामं आहे. तळ्याबद्दलच लिहितेय, हे तुला पाकीट बघूनच कळलं असेल.

तू म्हणशील, ताई, तुझे रोहू गेले म्हणून तुला राग. मासे माझे होते हे खरं. बोटाएवढे आणून वाढवले होते, रोज संध्याकाळी पेंड टाकायला मीच जायचे. पण माशांसाठी मी एवढा टपालखर्च केला नसता. दादाभाऊंसाठी लिहितेय.

फेब्रुवारीत त्या दिवशी काय झालं ते तुला फोनवर अर्धंच कळलं असावं असं मी अजून धरून चालले आहे, म्हणून सगळं लिहिते. मागचा पाऊस बेताचा झाला. बोअरचं पाणी गेलं आणि आपलं शेततळं पहिल्यांदाच कालव्याच्या पाण्यानं भरलं. पाणी भरलं, वरून ऊन, शेवाळ धरलं, ठिबकचे फिल्टर तुंबायला लागले. आबांनी दरवर्षी करतात तेच केलं. गोणपाटात मोरचूद बांधलं, त्याला दोरी लावली आणि तळ्याच्या चारी कडांनी ओढत फिरले. शेवाळ बसलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मोटर चालू केली तर पाणी येईना. पाइपाच्या टोकाचा फुटव्हॉल्व्ह, आबांचा 'फुटबॉल', वर ओढून पाहिला, तर पाणी ओढायच्या तोंडावरच्या जाळीला मासे लागलेले, एकावर एक. आबांनी हातानं सोडवले तर ते जिवंत होते. कल्ले हलत होते. पाण्यात सोडले की जरा वेळ उभे राहायचे, आणि मोटर चालू केली की परत जाळीला. दुपारपर्यंत मेले. सगळी वस्ती ती जाळी बघून गेली.

आणि आदल्या रात्री आपल्या रानात दादाभाऊंचा मेंढरांचा वाडा बसलेला होता. तुझ्या जन्माच्या आधीपासून बसतो. मोकळ्या रानात रात्री मेंढ्या बसवायच्या, लेंडीखत आपल्याला, धान्य त्यांना, एवढा सरळ व्यवहार. आदल्या दिवशी त्यांनी तळ्याच्या बांधाजवळ मेंढ्यांना गोचिडाचं औषध लावलं होतं. रिकामी बाटली तिथंच पडलेली. आबांनी बाटली पाहिली आणि तुला व्हिडिओ कॉल लावला. तू जाळी पाहिलीस, बाटली पाहिलीस, आणि म्हणालास, "आबा, ते औषध माशांना लगेच लागतं. तेच असणार."

संध्याकाळी देवळापुढं बैठक बसली. आबांनी तुला पुन्हा फोन लावला आणि माइकपुढं धरला. तुझा आवाज भोंग्यातून वस्तीभर गेला. माशांवर डॉक्टरेट केलेला माणूस परदेशातून बोलतोय म्हटल्यावर कोण काय बोलणार. दादाभाऊ हात जोडून उभे राहिले आणि म्हणाले, "डाक्टर म्हंतोय म्हंजी आसंल. माज्या हातनं झालं आसंल तर मी हाय हितं." वस्तीचं पुढारपण करणाऱ्या गोकुळनं लगेच ठरवून टाकलं, की यांचा वाडा इथून पुढं कुणी रानात घ्यायचा नाही. पिंपरी पेंढारपर्यंत ही बातमी दादाभाऊंच्या आधी पोचली.

आता मला एवढंच सांग. त्या सकाळी तळ्यावर पाण्यावरून पळणारे किडे होते. मी स्वतः पाहिले, नेहमीसारखे तुरुतुरु पळत होते. गोचीड मारणारं औषध किड्यांना सोडून माशांना धरतं का?

दुसरं. मागच्या खेपेला आलास तेव्हा ओसरीत बसून तू मला लॅपटॉपवर तुझी ती काचेची नळी दाखवली होतीस. आत मासा, समोरून पाण्याचा जोर, जोर वाढवत न्यायचा आणि मासा कुठवर टिकतो ते बघायचं. तू म्हणालास, पाण्यात तांबं असलं तर मासा उभा असताना निरोगी दिसतो, पण पोहायला लागला की लगेच दमतो. कल्ल्यांतून अंगातलं मीठ गळतं, अमोनिया बाहेर पडत नाही, तो स्नायूंत साठतो. मग तो हरतो आणि मागच्या जाळीला चिकटतो. आणि पाणी जड असेल, चुन्याचं, तर तेवढंच तांबं त्याला काही करत नाही, कारण चुना कल्ल्यावर आधीच जागा धरून बसतो. मी तेव्हा म्हटलं होतं, एसटीत रुमाल टाकतात तसं. तू हसला होतास.

आपल्या बोअरच्या पाण्यानं पातेल्याला पांढरा थर धरतो. कालव्याच्या पाण्यात साबण कसा फेसाळतो ते तुला माहीत आहे. आणि मोरचूद म्हणजे तांबंच, हे मी तुला शिकवायला नको.

म्हणून मागते ते थोडं आहे. आबांना एक फोन कर आणि सांग की माझी चूक झाली, मी मोरचुदाचं विचारायला विसरलो. माणूस विसरतो, कुणी तुला खाणार नाही. पण तूच सांगायला हवं, कारण भोंग्यातून तू बोलला होतास.

तुझी,
ताई


२२ जुलै २०२४

अमृत,

पत्र पोचलं म्हणायचं. मला उत्तर आलं नाही, पण आबांना तुझा फोन आला. "ताईला म्हणावं शाळेचं बघ, तळ्याचं डोक्यातून काढ." आबांनी निरोप देताना माझ्याकडं पाहिलंही नाही, अडकित्त्यानं सुपारी कातरत होते.

मग मी स्वतःच त्यांच्यापुढं बसले आणि पाण्याचं सगळं समजावलं. ते म्हणाले, "म्या दरसाल टाकतो मोरचूद. दरसाल मेलं का मासं?" मी म्हटलं, दरसाल पाणी बोअरचं होतं. ते म्हणाले, "पानी ते पानी." आणि उठून मोटर बंद करायला गेले. मोटर चालू नव्हती.

त्यांचा मला राग आला नाही. ज्या माणसानं जन्मभर पाणी किती आहे एवढंच पाहिलं, त्यानं ते कसं आहे हे का म्हणून पाहावं. त्यांना खरंच कळत नाही आणि माझ्या तोंडून कळणारही नाही. नांदायला जाऊन परत आलेल्या मुलीचं विज्ञान घरात कुणी ऐकत नाही. तुझं ऐकतील. म्हणून तुझ्या मागं लागले आहे, हौस म्हणून नाही.

दादाभाऊंचं सांगते. उन्हाळाभर त्यांनी रानं मागितली. कुणी नाही म्हटलं नाही, हे बघ, आपल्याकडं तोंडावर नाही कुणी म्हणत नाही. भिमाजी म्हणाला, औंदा ट्रॅक्टरनं खत टाकलंय. हौशीराम म्हणाला, पोरं ऐकत न्हाईत, पुढच्या साली बघू. निमगाव सावाला एकानं रात्रभर बसू दिलं आणि सकाळी विहिरीवर कुलूप लावलं. मेंढ्या कुठं बसवायच्या, हा प्रश्न रोज संध्याकाळी नव्यानं उभा राहतो, तुला त्याची कल्पना यायची नाही. शेवटी बेल्ह्याच्या बाजारात सगळी मेंढरं विकली. त्यांच्या बायकोनं, बानूबाईंनी, एक कोकरू तरी ठेवा म्हटलं. दादाभाऊंनी ते पण गाडीत चढवलं.

हे मला कसं कळलं, तर मी त्यांना रोज बघते. आळेफाट्याला मी बस बदलते ना, तिथं रस्त्याकडेच्या एका हॉटेलावर ते वॉचमन आहेत. निळा शर्ट, टोपी, गळ्यात शिट्टी. नाशिककडून ट्रक आला की त्याला मागं घेतात, "येऊ द्या, येऊ द्या, हां." शिट्टी गळ्यात नुसती लटकते. ते तोंडानंच आवाज काढतात, मेंढरांना काढायचे तो. ड्रायव्हर लोकांना गंमत वाटते, मुद्दाम दोनदा गाडी मागं घेतात.

पहिल्या दिवशी मी रस्ता ओलांडून गेले. म्हटलं, "दादाभाऊ, हे काय?" तर म्हणाले, "लई बरं हाय ताई. सावलीत उभं ऱ्हायचं, दोन टायमाला जेवान." मग विचारलं, "अमृत बरा हाय का? थंडी आसंल तिकडं." तू बरा आहेस असं मी सांगितलं. तुझी चौकशी करणाऱ्या माणसाला खोटं सांगावं लागू नये, एवढी काळजी तरी घे. बरा राहा.

तुला काय अडचण आहे ते मला खरंच कळत नाही. चूक कबूल केली तर तुझी डिग्री काढून घेणार आहेत का? की वस्तीवर तुझा जो फ्लेक्स लागला होता, तो अजून तुझ्या डोळ्यांपुढून हलत नाही? तो फाटला, सांगून ठेवते. अर्धा हौशीरामच्या कांदा चाळीवर झाकायला आहे. तुझं तोंड आतल्या बाजूला आलंय.

ताई


२० ऑक्टोबर २०२४

अमृत,

हे पत्र चकल्यांच्या डब्याच्या तळाशी ठेवलं आहे. फराळ खाल्ल्याशिवाय सापडणार नाही, आणि चकल्या तू सोडत नाहीस. आबांनी स्वतः उभं राहून डबा भरून घेतला, त्यांना हे माहीत नाही.

मागच्या आठवड्यात शाळेत मधल्या सुट्टीत इंग्रजीच्या सरांनी मोबाइल पुढं केला. "मॅडम, तुमचे बंधू." यूट्यूबवर शेतीचं कसलंसं चॅनेल, आणि तू मराठीतून शेतकऱ्यांना समजावतोयस. मागं पुस्तकांचं कपाट, अंगात चांगला स्वेटर. छान बोलतोस तू. मी नववीला शिकवते त्यापेक्षा सोपं करून सांगितलंस. जड पाणी, हलकं पाणी, कल्ले, तांबं, दमलेला मासा. आणि मग म्हणालास, "आमच्या जुन्नरकडच्या एका शेतकऱ्याचं उदाहरण देतो. मासे मोटरीच्या जाळीला चिकटले होते. पाहिल्यावर मला शंका आली. मी त्याच दुपारी फोन करून विचारलं, मोरचूद टाकलंय का? तो हो म्हणाला. पाणी कालव्याचं होतं. बोअरचं असतं तर एक मासा मेला नसता."

मी ते परत मागं घेऊन ऐकलं. सर म्हणाले, अभिमान वाटत असेल.

त्याच दुपारी, अमृत. बैठक संध्याकाळी होती.

मी पहिल्या पत्रात तुला विसरायची सोय करून दिली होती. तुला तीसुद्धा लागली नाही. दुपारी तुला सगळं कळलं होतं आणि संध्याकाळी तू भोंग्यातून म्हणालास की गोचिडाचं औषध. आणि आता त्याच माशांवर तू टाळ्या घेतोस.

घरी आल्यावर आबांना विचारलं, "दुपारी अमृतचा फोन आला होता ना?" ते ताट पुढं घेऊन बसले होते. भाकरी मोडली, कालवणात बुडवली. मग म्हणाले, "आला व्हता."

"मग बैठक का घेतली?"

"सांगावा गेला व्हता सगळीकडं. मान्सं जमली व्हती. त्यांच्याम्होरं काय सांगायचं, म्याच मारलं मासं? आन् बाटली तर त्याचीच व्हती ना. अमृतच म्हनला, ऱ्हाऊ द्या आबा, आता तेच चालू द्या."

तेच चालू द्या. किती सोपं आहे. उन्हाळाभर मी म्हाताऱ्याला अडाणी समजून माफ करत होते आणि तुला विसराळू समजून. तुम्ही दोघं माझ्यापेक्षा हुशार निघालात.

तुला एक गोष्ट समजत नसेल, म्हणून सांगते. दादाभाऊंकडं जमीन नाही. जमीन असलेल्या माणसाचं नाव खराब झालं तरी जमीन जागेवर राहते. दादाभाऊ दुसऱ्याच्या रानात झोपायचे आणि त्यांना तिथं झोपू द्यायचं ते नुसत्या नावावर. ते नाव तुम्ही दोघांनी एका फोनवर संपवलंत, कारण आबांना चारचौघांत ओशाळं वाटलं असतं.

चंपाषष्ठीला दादाभाऊ खंडोबाला येतील. तळी भरायला दरवर्षी येतात, या वर्षीही येणार आहेत. तोवर वाट बघते. तोवर तू बोललास तर मी गप्प बसेन. नाही बोललास तर मी बोलेन, आणि मला नीट बोलायला जमत नाही हे तुला माहीत आहे.

शंकरपाळे जरा जास्त तळले गेलेत.

श्रेया


८ डिसेंबर २०२४

अमृत,

तू बोलला नाहीस.

काल चंपाषष्ठी झाली. तळी भरून झाली, लोक भंडारा लावून प्रसादाला बसायच्या बेतात होते, तेवढ्यात मी देवळापुढच्या ओट्यावर दोन गोल टब मांडले. एकात हौशीरामच्या बोअरचं पाणी, दुसऱ्यात कालव्याचं. दोन्हींत सारखंच मोरचूद टाकून आदल्या दिवशीच रोहूची पिल्लं सोडून ठेवली होती. प्रत्येक टबाच्या एका बाजूला जाळी लावली आणि कूलरचा लहान पंप बसवला, पाणी गोल फिरवायला. शाळेत प्रयोग दाखवते तसंच. गोकुळ म्हणाला, "ताई, देवाच्या दारात ह्ये काय काढलंय?" मी म्हटलं, बैठकसुद्धा देवाच्या दारातच झाली होती.

पंप बंद होता तोवर दोन्हीकडचे मासे सारखे दिसत होते. लोकांना मी तेच आधी बघायला सांगितलं. भिमाजी दोन्ही टबांवर वाकून म्हणाला, "काय फरक हाय? समदं झ्याक हाय." मग पंप चालू केला. बोअरच्या पाण्यातल्या पिल्लांनी तोंडं पाण्याच्या जोराकडं केली आणि शेपटी मारत जागच्या जागी टिकून राहिली. कालव्याच्या पाण्यातली थोडा वेळ झटली, मग आडवी झाली, आणि एकेक करून जाळीला जाऊन लागली. कल्ले हलत होते. ती जाळी सगळ्यांनी फेब्रुवारीत पाहिलेली होती.

मग मी माइक घेतला आणि मोबाइलवर तुझं व्याख्यान लावलं. तोच भोंगा, तोच आवाज. "मी त्याच दुपारी फोन करून विचारलं, मोरचूद टाकलंय का? तो हो म्हणाला." एवढंच ऐकवलं आणि बंद केलं. तुझं नाव मी घेतलं नाही, कुणाला विचारावंही लागलं नाही. आबा खांबाला टेकून बसले होते. त्यांनी कपाळाचा भंडारा उपरण्यानं पुसला, मग उठले आणि कुणाकडं न बघता घराकडं चालायला लागले. गुडघ्यामुळं त्यांना वेळ लागला आणि तेवढा वेळ सगळे त्यांच्याकडं बघत राहिले. मला वाईट वाटलं. ते लपवत नाही.

गावाचं म्हणशील तर गाव सुधारायला वेळ लागत नाही. भिमाजीनं लगेच दादाभाऊंच्या खांद्यावर हात टाकला. "झालं गेलं इसरा पावणं. ह्या साली वाडा माज्याच रानात बसवा." हौशीराम म्हणाला, आधी माझ्याकडं. दादाभाऊ म्हणाले, "काय बसवू? मी न् बानू बसू का रात्रभर?" काही लोक हसले. त्यांना वाटलं चेष्टा आहे.

मला वाटलं होतं की मी त्यांना काहीतरी परत देतेय. सकाळपासून त्या टबांजवळ मी त्याच आनंदात होते, खोटं कशाला बोलू. लोक पांगल्यावर ते माझ्याजवळ आले. टबात हात घालून त्यांनी जाळीला लागलेलं एक पिल्लू सोडवलं आणि बोअरच्या पाण्यात टाकलं. ते तळाला जाऊन पडलं. मग त्यांनी विचारलं, "ताई, अमृतला ठावं व्हतं? मी हात जोडलं तवा?"

मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते?

ते खाली बसले. टोपी काढून मांडीवर ठेवली. म्हणाले, "म्हंजी मी न्हवतं मारलं."

मला आधी कळलंच नाही ते काय म्हणतायत. मग बानूबाई बोलल्या. "ताई, ह्यांनी मेंढरं लोकांनी रान दिलं न्हाई म्हनून न्हाई इकली. नगरकडं माज्या भावाची रानं व्हती, तो बोलावत व्हता. ह्ये म्हनलं, माज्या हाताला इख हाय, मी ज्याच्या रानात जाईन त्याचं वाटूळं करीन. आजूनबी भाकर खायाच्या आदी दोनदोनदा हात धुत्यात."

अमृत, त्या बैठकीला जमलेल्या कुणालाही तुझं पुरतं पटलेलं नव्हतं. गोकुळला मेंढ्या नकोच होत्या, भिमाजीला ट्रॅक्टर परवडत होता, आबांना खरं माहीत होतं. तुझ्या बोलण्यावर मनापासून विश्वास ठेवला तो एकट्या दादाभाऊंनी. ते तुला खांद्यावर घेऊन मेंढ्यांमागं फिरायचे. तो पोरगा शिकून डॉक्टर झाला, तो कशाला खोटं सांगेल, असं त्यांनी धरलं आणि स्वतःला दोषी मानून सगळी मेंढरं विकून टाकली.

उद्या मी शाळेत जाईन तेव्हा ते हॉटेलापुढं ट्रक मागं घेत असतील. तू कधी आलास तर गाडी तिथंच थांबेल, जेवायला सगळ्या तिथंच थांबतात. ते तुला ओळखतील आणि तुझी बॅग घ्यायला पुढं येतील. बॅग त्यांना देऊ नकोस.

आज सकाळी आबांनी विचारलं, अमृतला संक्रांतीचे तिळगूळ कधी पाठवायचे. मी म्हटलं, पत्ता डब्यावर लिहिलेला आहे, तुम्हीच बांधा.

श्रेया